भाजलेली माती आणि हवेतला ओलावा

भट्टीतून बाहेर पडताना वीट जितकी हलकी असते, तितकी ती पुढे कधीच नसते. मातीच्या कणांच्या रचनेतच पाणी हायड्रॉक्सिल गटांच्या रूपाने बांधलेले असते. भट्टीचा ताव साधारण ५०० अंश सेल्सिअसवर गेला की ते निघून जाते. वीट निवू लागताच मात्र हवेतली वाफ तिच्यात शिरून पुन्हा त्याच जागा धरू लागते.

पावसात वीट भिजते ते पाणी निराळे. ते छिद्रांत साचते आणि १०५ अंशांवर वाळवले की उडून जाते. रचनेत बसलेले पाणी काढायचे, तर वीट पुन्हा तापवावी लागते. या पाण्याने वीट किंचित फुगतेही, म्हणून लांब भिंतींत जागोजागी सांधे मोकळे सोडतात. चिनी मातीच्या जुन्या टाइलवर केसासारख्या चिरा दिसतात, त्यामागेही बऱ्याचदा हेच कारण असते: खालची माती फुगते आणि वरचा काचेसारखा थर ताणून तडकतो.

हे शोषण शतकानुशतके चालते, पण मंदावत जाते. मँचेस्टर आणि एडिंबरा इथल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले की विटेचे फुगणे काळाच्या चतुर्थमुळाच्या प्रमाणात होते. वजनाची वाढही तशीच होते. पहिल्या वर्षात जितकी वाढ, तिच्या दुप्पट व्हायला १६ वर्षे लागतात, तिप्पट व्हायला ८१ आणि चौपट व्हायला २५६.

यातूनच २००९ मध्ये कालमापनाची पद्धत मांडली गेली. खापराचा तुकडा वाळवून वजन करतात, मग ५०० अंशांवर तापवून त्याला जणू पुन्हा नवा करतात. त्यानंतर अतिसूक्ष्म तराजूवर त्याचे वजन कोणत्या गतीने वाढते ते टिपतात आणि गमावलेले वजन भरून यायला किती काळ लागेल याचे गणित करतात. कँटरबरीच्या एका मध्ययुगीन विटेचे वय असे अवघे ६६ वर्षे निघाले. दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबहल्ल्यांत ते शहर जळाले होते. त्या आगीत वीट पुन्हा भाजली गेली आणि तिचे घड्याळ शून्यावर आले, असा उलगडा पुढे झाला. वीट खोटे बोलली नव्हती, शेवटची आग तिने अचूक सांगितली होती.

पद्धत अजून सर्वमान्य नाही. शोषणाचा वेग तापमानावर अवलंबून असल्यामुळे त्या जागेचे शतकांचे सरासरी हवामान ठाऊक असावे लागते. मातीत चुना किंवा सेंद्रिय अंश असला, तर तापवताना त्याचेही वजन घटते आणि हिशेब चुकतो. काही प्रयोगशाळांना चतुर्थमुळाचा नियम सगळ्याच खापरांना तंतोतंत लागू पडताना दिसलेला नाही.