अळवाचे पान आणि न चिकटणारा तवा



आज आपण स्वयंपाकघरातल्या एका वस्तूबद्दल बोलणार आहोत. पण सुरुवात परसातून करू.

मोरीच्या पाण्यावर अळू वाढते. त्याच्या पानावर ओंजळभर पाणी टाकून पाहा. पान भिजत नाही. पाण्याचे गोल थेंब होतात आणि घरंगळून जातात. जाताना पानावरची धूळही घेऊन जातात. जे टिकत नाही त्याला आपण 'अळवावरचे पाणी' म्हणतो, ते यावरूनच.

असे का होते? पानावर फार बारीक उंचवटे असतात. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांवर मेणासारखा थर असतो. पाणी उंचवट्यांच्या टोकांवरच राहते, खाली हवा असते. पानाला धरायला पाण्याला जागाच मिळत नाही. कमळाचे पानही असेच असते.

आता घरात येऊ. बिडाचा नवा तवा आणला की पहिले घावन त्याला चिकटते. म्हणून आपल्या आया-आज्या काय करीत? तव्याला तेल लावीत, तापवीत, पुन्हा तेल लावीत. असे करता करता तव्यावर काळा, गुळगुळीत, घट्ट थर बसे. तापल्यावर तेलाचे कण एकमेकांना जोडले जातात. मण्यामणाने माळ व्हावी, तशा त्यांच्या लांब माळा होतात. अशा माळेला शास्त्रात पॉलिमर म्हणतात. नाव माहीत नव्हते, पण काम आज्यांना येत होते!

दुकानात मिळणाऱ्या न चिकटणाऱ्या तव्यावरही पॉलिमरचाच थर असतो. बहुतेक वेळा तो टेफ्लॉनचा असतो. हे टेफ्लॉन अचानक सापडले. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट नावाचे रसायनशास्त्रज्ञ एका वायूवर काम करीत होते. एके दिवशी वायूच्या टाकीची तोटी उघडली, तर वायू येईना. टाकीचे वजन मात्र कमी झाले नव्हते. मग टाकी कापून पाहिली. आत पांढरी, मेणचट पूड निघाली. वायूचे कण जोडले जाऊन त्यांच्या माळा झाल्या होत्या. या पुडीला पाणी लागेना, तेल लागेना, आम्लाने ती विरघळेना.

पण जिला काही चिकटत नाही, ती तव्याला तरी कशी चिकटायची? ही युक्ती फ्रान्समधल्या मार्क ग्रेग्वार यांनी १९५४ च्या सुमारास शोधली. अॅल्युमिनियमचा पत्रा आधी खडबडीत करायचा, म्हणजे थर त्या खाचांत रुतून बसतो. भिंतीला टाचे मारले की गिलावा धरतो ना, तसेच.

एवढे ध्यानात घ्या, की हा थर पातळ असतो आणि मऊही असतो. पाण्याला तो दाद देत नाही, पण तारेच्या घासणीपुढे त्याचे काही चालत नाही.

हे आम्हाला कसे कळले, तेही सांगतो. आमच्या सूनबाईंनी बचत गटाच्या पैशांतून असा एक तवा आणला होता. त्या तापाने दोन दिवस पडून होत्या. भांडी आम्ही घासायला घेतली. तवा काळाकुट्ट दिसला. आम्हाला वाटले, करपला आहे. राख घेतली, तारेची घासणी घेतली, आणि घाम येईपर्यंत घासला. मग मोठ्या ऐटीत सांगितले, "सूनबाई, तवा कसा चांदीसारखा केलाय बघा!"

त्यांनी तवा हातात घेतला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "मामंजी, ती काजळी नव्हती."

तव्याच्या खोक्यात एक कागद होता. त्यावर लिहिले होते : लाकडी उलथणे वापरा, तारेने घासू नका, रिकामा तापवू नका. तो कागद फडताळात तसाच पडून होता. जन्मभर मुलांना वाचायला शिकवले, आणि घरातला चार ओळींचा कागद आम्ही वाचला नाही!

त्यातली 'रिकामा तापवू नका' ही ओळ फार महत्त्वाची आहे. पाणी १०० अंशांना उकळते. हा थर साधारण २६० अंशांपर्यंत टिकतो. मोठ्या आचेवर रिकामा तवा थोड्याच मिनिटांत त्याच्या पुढे जातो. मग थर बिघडू लागतो आणि आणखी तापला की विषारी धूर निघतो. त्याने माणसाला थंडीतापासारखा त्रास होतो. पिंजऱ्यातला पक्षी तर मरतो. भाकरीचा तवा खूप तापवावा लागतो. म्हणून भाकरी लोखंडाच्या किंवा बिडाच्या तव्यावरच करा. या तव्यावर मंद आचेने घावन, आंबोळी, धिरडी करा. चुलीच्या जाळावर तो ठेवूच नका.

आणखी एक गोष्ट. टेफ्लॉन बनवताना पूर्वी एक रसायन वापरीत. तेही सहजी नष्ट होत नाही. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्यात ते कारखान्याच्या सांडपाण्यातून आणि कचऱ्यातून ओढ्यात, विहिरींत उतरले. तिथल्या एका शेतकऱ्याची गुरे एकामागून एक मेली. १९९९ साली तो कोर्टात गेला, तेव्हा हे सारे उजेडात आले. २०१९ साली जागतिक करारात ते रसायन बंदीच्या यादीत घातले गेले. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ते कर्करोग करणारे आहे असे ठरवले. टिकाऊपणा तव्यावर हवा, पिण्याच्या पाण्यात नको.

मंडळी, बिडाच्या तव्याचा थर गेला तर तेल लावून पुन्हा बसवता येतो. टेफ्लॉनचा थर गेला की गेला. तो घरी बसवता येत नाही. म्हणून नवी वस्तू आली की तिचा कागद आधी वाचा. तुम्हाला आता वाचता येते. घरात सर्वांना ऐकू जाईल असा वाचा.

आमचा तो चांदीसारखा तवा आता डब्यावर झाकण म्हणून कामाला येतो. तो दिसला की आम्ही मुकाट्याने चष्मा शोधतो.

राम राम.