पंप की कॅप्सूल? दमा आणि अँटीऑक्सिडंटची गोष्ट

कानात इअरफोन आहेत ना? मग आज जरा श्वासाबद्दल बोलू.

घरात कुणाला दमा असेल तर हा मेसेज तुम्ही पाहिला असेल: “पंपाची सवय लागते. त्यापेक्षा ही अँटीऑक्सिडंटची कॅप्सूल घ्या, नॅचरल आहे.” यात खरं किती?

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. तिथे जमलेल्या पांढऱ्या पेशी ऑक्सिजनचे फार तापट रेणू सोडतात. धूर आणि प्रदूषणामुळे त्यांत आणखी भर पडते. त्यांना आवरायला शरीराकडे ग्लुटाथायोनसारखी स्वतःची फौज असते. ती कमी पडली, की त्याला म्हणतात ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. मग नळ्यांचं अस्तर दुखावतं, सूज वाढते. म्हणजे मेसेजमागचं विज्ञान अगदीच खोटं नाही.

मग कॅप्सूल गिळली की झालं? इथेच गडबड आहे.

ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या लिसा वुड आणि सहकाऱ्यांनी दमा असलेल्या १३७ प्रौढांवर प्रयोग केला. तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. काहींना रोज भरपूर भाज्या-फळं दिली, बाकीच्यांना अगदी कमी. दोन आठवड्यांत भरपूर खाणाऱ्यांची फुप्फुसं जास्त चांगली चालत होती. कमी खाणाऱ्यांचा दमा पुढे लवकर बळावला. मग या कमी खाणाऱ्यांपैकी काहींना टोमॅटोच्या अर्काच्या गोळ्या दिल्या. उपयोग? काही नाही!

का? भाजीत एकच घटक नसतो. तंतू, जीवनसत्त्वं, रंगद्रव्यं सगळं एकत्र येतं. गोळीत त्यातलं एखादंच उचललेलं असतं.

आणि पंपाचं काय? रोजच्या पंपातलं स्टेरॉइड थेट सुजेवर काम करतं. म्हणजे ते तापट रेणू जिथून येतात, तिथेच. डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो. व्यसन लागत नाही. दमा जुनाट आहे, म्हणून औषध रोज लागतं, इतकंच.

हे एवढं जोर देऊन का सांगतोय? २०१९ च्या जागतिक रोगभार अभ्यासानुसार जगातले सुमारे १३ टक्के दमेकरी भारतात आहेत, पण दम्याने होणारे ४२ टक्क्यांहून जास्त मृत्यू आपल्याकडे होतात. रोजचा पंप न घेणं हे त्यामागचं एक मोठं कारण.

आता कॅप्सूलचा डबा उलटा करून बघा. न्यूट्रास्युटिकलवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापणं आपल्याकडे बंधनकारक आहे. कंपनी स्वतःच सांगतेय की!

तेव्हा पालेभाजी, पेरू, आवळा, टोमॅटो बिनधास्त खा, पण पंपासोबत, पंपाऐवजी नाही. कॅप्सूल घ्यायचीच असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि धाप लागून एक वाक्यही सलग बोलता येत नसेल, तर आराम देणारा पंप घ्या आणि तडक हॉस्पिटल गाठा.

हा भाग त्या मेसेजवाल्या ग्रुपवर नक्की टाका. भेटू पुढच्या भागात!