दुसऱ्या फळीची तजवीज
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगी मागे वळून पाहावे, पूर्वजांच्या श्रमांचे स्मरण करावे आणि परमेश्वराचे आभार मानावे, हे सर्वथा योग्यच होय. ते कार्य आमच्यापूर्वीच्या वक्त्यांनी उत्तम प्रकारे पार पाडले आहे. आमच्याकडे तरुणांच्या खेळासंबंधी बोलण्याचे काम आले आहे; आणि खेळाची गोष्ट अशी आहे की, तेथे मागील विजयांच्या आठवणींवर पुढील सामना जिंकता येत नाही. मोसम संपतो, प्रेक्षक घरी जातात, मैदानावर गवत वाढू लागते, आणि त्याच वेळी चालकांचे खरे काम सुरू होते. कोणाचे वय झाले, कोण जायबंदी आहे, कोणत्या जागेमागे उभा करावयास दुसरा गडीच नाही, याचा हिशेब त्या रिकाम्या महिन्यांत मांडावयाचा असतो. हा हिशेब चुकल्यामुळे चाळीस वर्षे अजिंक्यपदास मुकलेल्या, आणि तो नीट मांडताच सहा मोसमांत चार वेळा अजिंक्य ठरलेल्या एका संघाची हकीकत आज आपल्यापुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे.

हा संघ अमेरिकेतील पिट्सबर्ग शहराचा, नाव स्टीलर्स. प्रथम एक खुलासा केला पाहिजे. आपण ज्यास फुटबॉल म्हणतो तो हा खेळ नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये लांबट चेंडू हातात घेऊन धावतात, फेकतात, आणि प्रतिपक्ष धावणाऱ्यास अंगबळाने खाली पाडतो. मैदानावर एका बाजूचे अकराच गडी असले तरी चढाईचे अकरा वेगळे व बचावाचे अकरा वेगळे असतात. लाथेने चेंडू मारण्याच्या वेळची मंडळी आणखी निराळी. शिवाय दुखापती पदोपदी. म्हणून आज तेथील प्रत्येक संघाच्या पटावर 53 नावे असतात. खरी कसोटी पहिल्या अकरांची नव्हे, तर त्यांच्या मागे उभ्या असलेल्यांची होय.

नवे गडी मिळविण्याची तेथील रीतही ध्यानात घेण्याजोगी आहे. पूर्वी धनाढ्य व यशस्वी संघ महाविद्यालयांतील उत्तम खेळाडू उचलून नेत, आणि दुबळे संघ दुबळेच राहत. फिलाडेल्फियाच्या संघाचे मालक बर्ट बेल यांनी सुचविलेल्या योजनेप्रमाणे 1936 साली प्रथम ‘ड्राफ्ट’ म्हणजे पाळीपाळीने निवड करण्याची पद्धत सुरू झाली. तीत गतवर्षी जो सर्वांत मागे राहिला त्यास निवडीचा पहिला मान, आणि विजेत्यास शेवटचा. द्राक्षमळ्याच्या धन्याचा दृष्टांत ऐकलेल्या आपणांस या नियमाचे मर्म सांगावयास नको.

परंतु संधी मिळणे वेगळे आणि तिचे चीज करणे वेगळे. पिट्सबर्गचा संघ 1933 साली आर्ट रूनी यांनी स्थापन केला. हे गृहस्थ श्रद्धाळू कॅथोलिक असून नित्य मिस्सेस जाण्याचा त्यांचा परिपाठ होता. स्वभावाने ते उदार, लोकांस प्रिय. परंतु त्यांचा संघ वर्षानुवर्षे हरत राहिला. 1955 साली आपल्याच शहरातील जॉनी युनायटस नावाच्या तरुणास त्यांच्या संघाने निवडले, आणि मोसम सुरू होण्यापूर्वीच काढून टाकले. पुढे हाच तरुण बाल्टिमोरच्या संघात गेला व त्या खेळातील थोर पुरुषांत गणला गेला. त्यानंतरच्या काळात तर संघाच्या शिक्षकांनी आपल्या निवडीच्या पाळ्याच इतर संघांना देऊन त्यांच्या मोबदल्यात वयस्क, नावाजलेले गडी घेण्याचा सपाटा लावला. 1963 सालच्या निवडीत पहिल्या सात फेऱ्यांत पिट्सबर्गला एकही पाळी उरली नव्हती. आजचा सामना जिंकण्यासाठी उद्याचे बियाणे खाऊन टाकल्यावर शेत ओस पडावयाचेच. 1969 साली चौदा सामन्यांपैकी एक जिंकला, तेरा हरले.

त्याच वर्षी चक नोल हे शिक्षक म्हणून आले होते. त्यांनी विकतच्या कीर्तीचा नाद सोडला आणि तरुण निवडून त्यांस घडविण्याचे व्रत घेतले. 1969 साली जो ग्रीन, 1970 साली टेरी ब्रॅडशॉ व मेल ब्लाउंट, 1971 साली जॅक हॅम, 1972 साली फ्रँको हॅरिस असे एकामागून एक गडी जमा झाले. आणि 1974 सालच्या एकाच निवडीत पहिल्या पाच फेऱ्यांत लिन स्वॉन, जॅक लॅम्बर्ट, जॉन स्टॉलवर्थ व माइक वेब्स्टर हे चौघे मिळाले. हे चौघेही पुढे त्या खेळाच्या कीर्तिमंदिरात विराजमान झाले. त्या वर्षी सर्व संघांनी मिळून 442 तरुण निवडले, तरी डॉनी शेल नावाचा एक गडी कोणाच्याच दृष्टीस भरला नाही. पिट्सबर्गने त्यास निवडीबाहेरून बोलाविले. त्याचाही मान पुढे 2020 साली त्याच कीर्तिमंदिराने केला.

हे रत्नपारखी कोण होते? त्यांपैकी एक बिल नन. हे पिट्सबर्गच्या ‘कुरियर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात खेळाचे संपादन करीत. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या लहान महाविद्यालयांत किती गुणी तरुण खितपत पडले आहेत, हे त्यांस ठाऊक होते. इतर संघांचे लोक तिकडे क्वचितच फिरकत. ब्लाउंट, स्टॉलवर्थ व शेल हे तशाच विद्यालयांतून आले. म्हणजे पिट्सबर्गचे भाग्य आकाशातून पडले नाही. जेथे इतर पाहत नव्हते तेथे त्यांनी पाहिले, एवढेच.

आता दुसऱ्या फळीचा विचार. संघात मध्यावर, जेथून प्रत्येक डावाचा चेंडू मागे दिला जातो तेथे, रे मॅन्सफील्ड नावाचा अनुभवी गडी 1974 साली उभा होता. त्याचे वय तेहतीस, काम चोख. तरीही चालकांनी त्याच जागेसाठी वेब्स्टरला निवडले. पहिली दोन वर्षे हा तरुण मॅन्सफील्डच्या मागे राहून, पुढे त्याच्याशी आळीपाळीने खेळून शिकला, आणि 1976 पासून ती जागा त्याची झाली. वारस शोधावयाचा तो म्हातारा खाली बसल्यावर नव्हे, तर तो अजून उभा असताना. तसेच लॅम्बर्टचे. अंगाने तो सडपातळ. परंतु मोसमापूर्वीच हेन्री डेव्हिस हा जुना गडी जायबंदी झाला, तेव्हा जागा रिकामी पडली नाही. 1975 च्या जानेवारीत मिनेसोटाच्या संघास 16 विरुद्ध 6 अशा गुणांनी हरवून वृद्ध रूनी यांनी पहिले अजिंक्यपद हाती घेतले.

एवढ्यावर थांबलो असतो, तर ही केवळ यशाची कथा झाली असती. परंतु वेब्स्टरचा शेवट सांगितल्यावाचून हे व्याख्यान पुरे होणार नाही. तो दुखणीखुपणी न जुमानता पिट्सबर्गसाठी पंधरा मोसम खेळला. लोकांनी त्यास पोलादी पुरुष म्हटले. पण निवृत्तीनंतर त्याची स्मृती व बुद्धी ढासळली, हाल झाले, आणि 2002 साली पन्नासाव्या वर्षी तो निवर्तला. डॉ. बेनेट ओमालू यांनी त्याच्या मेंदूची तपासणी केली, तेव्हा डोक्यास वारंवार बसलेल्या आघातांनी जडणारी व्याधी तेथे आढळली. ज्याच्यावाचून चालत नाही असे आपण म्हणतो, त्यास आपण विश्रांतीही देत नाही. दुसरी फळी हवी ती केवळ विजयासाठी नव्हे. पहिल्या फळीतील माणूस चिरडून जाऊ नये, यासाठीही हवी.

बंधुभगिनींनो, हा विचार खेळाच्या मैदानापुरताच नाही. यूदाची जागा रिकामी झाली तेव्हा प्रेषितांनी काय केले? आरंभापासून प्रभूबरोबर वावरलेल्यांतून दोघांस पुढे केले, प्रार्थना केली, चिठ्ठ्या टाकल्या, आणि मत्थिया बारांत गणला गेला. निवड एका दिवसाची. परंतु निवडण्याजोगी माणसे तीन वर्षे मागे चालत होती. ती नसती, तर चिठ्ठी कोणाच्या नावाची टाकली असती?

आपल्या धर्मग्रामात आज धर्मशिक्षण देणारे, गायनमंडळ चालविणारे, वेदीची सेवा पाहणारे, आजाऱ्यांच्या घरी जाणारे लोक आहेत. पुष्कळ ठिकाणी एकच व्यक्ती वीस-वीस वर्षे तोच भार वाहत आहे. तिची स्तुती आपण करतो. तिच्या मागे कोणास उभे करत नाही. म्हणून आमची नम्र सूचना अशी की, महोत्सवाचे तोरण उतरण्यापूर्वी एक वही घ्यावी, प्रत्येक सेवेपुढे आजच्या माणसाचे नाव लिहावे, आणि त्यापुढे दुसरे नाव, ते तरुणाचे किंवा तरुणीचे. जेथे दुसरे नाव सुचणार नाही, ती आपली उणीव समजावी. ते नाव शोधताना नेहमीच्या चार घरांपलीकडे, जेथे आपण सहसा पाहत नाही अशा पाड्यांत व वस्त्यांतही पाहावे.

आणि तरुणांनो, दुसऱ्या ओळीत नाव आले म्हणून खिन्न होऊ नका. वेब्स्टर तेथूनच आला. ज्येष्ठांनीही आपली जागा जाते असे मानू नये. मॅन्सफील्ड आपल्याच वारसाच्या जोडीने खेळला, आणि दोन अजिंक्यपदे त्यानेही मिळविली.

शंभराव्या वर्षाचा उत्सव पाहावयास आपल्यापैकी फार थोडे उरतील. तो साजरा करणारे हात आज आपल्या वहीच्या दुसऱ्या ओळीत लिहिले जावोत, अशी परमेश्वरचरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.