स्मृतिभ्रंश आणि मेंदूतील धातू



वृद्ध माणसाला घरची वाट आठवेनाशी झाली, की ‘म्हातारचळ लागला’ असे म्हणून आपण विषय मिटवितो. त्यामागे पुष्कळदा रोग असतो. जर्मन वैद्य आलॉइस आल्झायमर यांनी अशा एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील विकृतीचे वर्णन १९०६ साली ट्युबिंगेन येथील सभेत केले. पेशींच्या बाहेर साचलेल्या ज्या पुंजक्यांचा या रोगाशी संबंध जोडला जातो, ते मुख्यतः ‘अमायलॉइड-बीटा’ या प्रथिनाचे असतात.

हे प्रथिन गोठते कशामुळे? १९९४ मध्ये प्रयोगशाळेत असे दिसले, की जस्ताच्या सान्निध्यात ते झपाट्याने एकत्र येते. पुढे रुग्णांच्या मेंदूतील पुंजक्यांत जस्त, तांबे व लोह यांचा साठा आढळला. हे धातू मात्र आपले वैरी नव्हेत. मेंदूतील कित्येक पेशी परस्परांना संदेश देताना जस्त सोडतात. धातू भलत्या जागी अडकून पडतो, अशी ही कल्पना आहे.

तेव्हा धातूला चिमट्याप्रमाणे धरून प्रथिनापासून सोडविणारा रेणू शोधावा, असे शास्त्रज्ञांच्या मनात आले. रक्तातून मेंदूत शिरण्यासाठी तो लहान हवा. आणि त्याची पकड बेताची हवी, नाहीतर शरीराला लागणारे धातूही तो ओढून नेईल. असा एक रेणू जुनाच निघाला. तो म्हणजे जुलाबावरील गोळी म्हणून वडीलधाऱ्यांना ठाऊक असलेले क्लिओक्विनॉल! जपानमध्ये या औषधाने हजारो लोकांच्या मज्जातंतूंना इजा झाली. कित्येकांचे पाय लुळे पडले, काहींची दृष्टी गेली, आणि १९७० मध्ये तेथे त्याची विक्री थांबविण्यात आली. तेच औषध २००१ मध्ये उंदरांना दिले, तेव्हा नऊ आठवड्यांत त्यांच्या मेंदूतील साठा जवळजवळ निम्म्याने घटला. २००३ साली ३६ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्षही थोडेफार आशादायक होते.

त्याचाच सुधारित भाऊबंद ‘पीबीटी-२’. २०१४ मध्ये जाहीर झालेल्या त्याच्या बारा महिन्यांच्या चाचणीत अमायलॉइडच्या साठ्यावर लक्षणीय परिणाम दिसला नाही. उंदीर आणि माणूस यांतील अंतर पुन्हा एकदा ध्यानात आले.

लोह काढून घेणाऱ्या डेफेरिप्रोनचा अनुभव अधिक कडू आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हे औषध घेणाऱ्यांची बुद्धी, नुसती बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक वेगाने क्षीण झाली.

तांब्याचा हंडा फेकून द्यावा, असा अर्थ यातून निघत नाही. परंतु ‘शरीरातील धातू काढून स्मरणशक्ती परत आणतो’ असे सांगत कोणी गावात औषध विकू लागला, तर पंचायत सदस्यांनी त्याला या २०२४ च्या चाचणीविषयी अवश्य विचारावे.