सोवळें आणि श्रद्धा

पन्हाळगडाचें नांव घेतांच शिवछत्रपती सिद्दी जौहराच्या वेढ्यांतून निसटले ती १६६० सालची पावसाळी रात्र डोळ्यांपुढें उभी राहते. काव्याच्या वाचकास मात्र आणखी एक आठवण होते. १७२९ सालीं मोरोपंत याच गडावर जन्मले. 'केकावली'मध्यें परमेश्वरास आर्त साद घालणारे तेच मोरोपंत. पुढें १८७७ च्या सुमारास या गडावर अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचें ठाणें झालें. कोल्हापुरांत तें १८५२ पासूनच होतें. ज्या मुलखाचे कान ओवी, आर्या आणि अभंग यांनीं घडविलेले, तेथें परक्या चालींवर बसविलेलीं स्तोत्रें ओठांवर येत. काळजापर्यंत किती पोंचत, हा प्रश्नच होता. तो सोडविला तो कोणा परदेशी पाद्र्यानें नव्हे, तर एका कोंकणस्थ कवीनें.

नारायण वामन टिळक हे १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं जन्मले. विद्वान, कीर्तनकार, आणि मनानें कायमचे अस्वस्थ. आगगाडीच्या प्रवासांत एका युरोपियन गृहस्थानें त्यांच्या हातीं नवा करार दिला, आणि पर्वतावरील प्रवचनानें त्यांस धरून ठेविलें. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तरी तुकोबांस त्यांनीं सोडलें नाहीं. त्या संताच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलों, असें ते सांगत. मराठी मंडळ्यांच्या उपासनेंत आजहि त्यांचींच गीतें गायिलीं जातात.

परंतु या श्रद्धेची किंमत चुकती झाली ती घरांत. पत्नी लक्ष्मीबाई यांना ही वार्ता मागाहून कळली. कवीचें मन कितीहि थोर असो, तें वागणें पत्नीनें सहज गिळावें असें खासच नव्हतें. लहानग्या दत्तूस घेऊन त्या चारपांच वर्षें पतीपासून दूर, आप्तांच्या आधारानें राहिल्या.

त्यांचें माहेर कसें होतें, हें येथें ध्यानीं घेतलें पाहिजे. सत्तावनच्या धामधुमीनंतर त्यांच्या आईच्या वडिलांस फांशी झाली, आणि त्या धक्क्यानें लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यांत सोवळें शिरलें. बाजारांतून आलेला जिन्नस धुतल्यावांचून घरांत जाईना! अशा घरची लेक पतीकडे परतली, तीहि आपली चूल आणि आपलें पाणी निराळें ठेवून. टिळकांनीं सक्ती केली नाहीं. तेवढें श्रेय त्यांस दिलेंच पाहिजे.

पुढें राहुरीस एके दिवशीं विचार करितां करितां त्यांच्या मनांत लख्ख उजेड पडला: ही जातपात ईश्वरानें केलेली नव्हे, माणसांनीं केलेली आहे. त्यासाठीं कोणाशीं वाद झाला नाहीं, कोणी ग्रंथाचा आधार काढून दाखविला नाहीं. त्या क्षणापासून कोणाच्याहि हातचें खाण्यास त्या मोकळ्या झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० सालीं. ज्या घरच्या लेकीस बाहेरच्या स्पर्शाचा धाक, तिच्याच संसारांत पोरकीं मुलें आलीं, वाढलीं. बालकवि ठोमरे देखील कांहीं काळ या घरीं राहिले. पैसा टिकत नसे, पतीचा संताप ओढवे, आणि तरी 'स्मृतिचित्रें' वाचतांना वाचक हंसतो तो याच प्रसंगांवर. रडगाणें गाण्याचा हक्क असून हंसविणारी अशी लेखणी मराठींत विरळा!

९ मे १९१९ रोजीं टिळक मुंबईस निवर्तले. मागें राहिलें 'ख्रिस्तायन', तेंहि अवघे दहा-अकरा अध्याय झालेलें. शाळेचें तोंड न पाहिलेल्या, पतीपाशीं अक्षरें गिरविलेल्या लक्ष्मीबाईंनीं तें पुढें चालविलें आणि ६४ अध्याय रचिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं त्या वारल्या. शेवटचा अध्याय दत्तूनें, म्हणजे देवदत्त टिळकांनीं लिहिला, आणि १९३८ सालीं तिघांच्या हातचा तो ग्रंथ छापून निघाला.