इंबर गावाची वाट



आज मी आपल्यापुढे एका लहानशा इंग्रज गावाची हकीकत मांडणार आहे. गावाचे नाव इंबर. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यात सॉल्सबरीचे विस्तीर्ण पठार आहे. त्याच्या ऐन मध्यावर, एका सखल घळीत हे गाव वसले होते. एक चर्च, एक शाळा, एक मद्यगृह, एक लोहारशाळा आणि सुमारे १५० माणसे. एवढाच त्याचा पसारा.

या पठारावर सैन्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सरावासाठी जमिनी विकत घेत आले होते. दुसरे महायुद्ध सुरू होण्यापूर्वीच इंबरची बहुतेक सारी शेते व घरे युद्धखात्याच्या मालकीची झाली. गावकरी तेथेच राहिले, पण कुळे म्हणून. १ नोव्हेंबर १९४३ रोजी त्यांना एकत्र बोलावून सांगण्यात आले की, ४७ दिवसांत गाव खाली करा! नॉर्मंडीच्या स्वारीसाठी अमेरिकन फौजांना सरावाची जागा हवी होती. युद्ध संपले की आपण परत येऊ, तसे वचन आपल्याला मिळाले आहे, अशी या माणसांची श्रद्धा होती. १९४५ साली युद्ध संपले. गाव मात्र परत मिळाले नाही.

आता विचार करा, या माणसांनी दाद मागायची कशाच्या आधारावर? घर दुसऱ्याचे, जमीन दुसऱ्याची! पण एक गोष्ट सैन्याने विकत घेतलेली नव्हती, कारण ती विकण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. ती म्हणजे गावात जाणारी वाट. एकदा सार्वजनिक झालेली वाट कायमची सार्वजनिक, असे इंग्रजी कायद्याचे जुने तत्त्व आहे. ती मोडायची तर रीतसर कायद्यानेच मोडावी लागते. आपल्या वहिवाटीच्या हक्काचीच ही बहीण म्हणा ना!

ऑस्टिन अंडरवुड नावाच्या गृहस्थांनी नेमका हाच धागा धरला. जानेवारी १९६१ मध्ये त्यांच्या पुढाकाराने २,००० हून अधिक माणसे बंद रस्त्याने इंबरमध्ये शिरली. त्याच वर्षी सरकारला जाहीर चौकशी करावी लागली. निकाल सैन्याच्या बाजूने लागला आणि रस्ते कायमचे बंद झाले. मात्र वर्षातून चर्चपर्यंत जाऊ देण्याची सवलत पदरात पडली.

मग मिळवले काय, असे कोणी विचारील. गावकऱ्यांना घरे मिळाली नाहीत, हे खरेच. पण आजही वर्षातले ठराविक दिवस ही वाट उघडते. सेंट जाइल्सच्या चर्चमध्ये प्रार्थना होते. २००९ पासून तर उन्हाळ्यात एक दिवस वॉर्मिन्स्टरहून जुन्या बसगाड्या तेथे उतारू घेऊन जातात. रस्ता सोडून बाजूला पाऊल टाकण्याची मात्र मनाई आहे. रानात न फुटलेले तोफगोळे असतात.

म्हणजे पाहा, शेते गेली, घरे पडली, शेवटी लोकांच्या वाट्याला उरली ती रस्त्याची एक पट्टी. तीही उरली ती दोन हजार माणसे एका थंडीच्या दिवशी तिच्यावरून चालत गेली म्हणून. आपल्या गावच्या वाटांकडे आपण इतक्या आस्थेने पाहतो का, हा प्रश्न मनाशी घेऊन आपण घरी जावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.