घागर आणि चुंबळ

वेळ थोडा आहे, तेव्हा मुद्द्यावरच येतो. धुक्यातून विमान आपोआप उतरले की आपण विमानातल्या यंत्राला शाबासकी देतो. मला हे पटत नाही. त्यातले निम्मे काम जमिनीचे असते.

२३ ऑगस्ट १९३७ ची गोष्ट घ्या. अमेरिकेत, ओहायोतल्या डेटनजवळ कॅप्टन क्रेन, कॅप्टन होलोमन आणि अभियंता स्टाउट हे एका पंख्याच्या फोकर विमानात बसले होते. ते विमान कोणाचाही हात न लागता धावपट्टीवर टेकले. यंत्रे विमानात होतीच, पण त्यांना वाट दाखवत होती जमिनीवर मांडलेली रेडिओ-केंद्रे!

डोक्यावरची भरलेली घागर उतरवताना पाहिली आहे ना? कमरेपर्यंत ती झपकन येते. शेवटच्या वितीला मात्र हात आवरावा लागतो, नाहीतर पाणी हिंदकळते. आणि खाली चुंबळ नीट नसेल, तर उतरवणारी कितीही तरबेज असो, घागर कलंडणारच. आपण हातांचे कौतुक करतो आणि चुंबळ विसरतो.

विमानासाठी जमिनीवरची ही चुंबळ नीट बसवली ब्रिटिशांनी. दुसऱ्या महायुद्धात ते धुके हटवायला धावपट्टीच्या कडेने पेट्रोल जाळत. १९४५ मध्ये त्यांनी काही न दिसता विमान उतरवण्याच्या प्रयोगांसाठी इंग्लंडमधल्या सफोकमध्ये खास पथक उभारले. दिशा दाखवणारा रेडिओ-झोत शेवटच्या टप्प्याला पुरेसा अचूक नव्हता. म्हणून त्यांनी धावपट्टीच्या दोन्ही अंगांना विजेच्या केबल टाकल्या. त्यांच्या चुंबकीय क्षेत्रावरून विमानाला आपण मध्यावर आहोत की कडेला, ते कळे. शेवटच्या वितीची उंची मोजायला रेडिओ अल्टिमीटर होता. जुलै १९५० मध्ये त्यांचे दोन पंख्यांचे डेव्हन विमान आपोआप उतरले.

आडव्या वाऱ्यात तिरके झालेले विमान टेकण्याआधी सरळ कसे करायचे, हा तर स्वतंत्र विषय आहे. पण घड्याळ पुढे सरकते आहे. म्हणून तेच पुन्हा सांगतो, कारण नेमके तेच विसरले जाते: आधी चुंबळ, मग घागर. नवी विमाने घेतली म्हणजे झाले, असे समजू नका. धुक्यामुळे उड्डाण रद्द झाले, तर वैमानिकावर चिडण्याआधी एवढे जरूर विचारा, की त्या धावपट्टीवर काय बसवले आहे आणि त्याची देखभाल कोण करते?